शिवदेवाला कोण उठवणार

२८ डिसेंबर २०२५

ऋतिका,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, आपल्या वर्गातल्या पिंकीच्या फोनवरून लावला तर दोन दिवस तिलाही केलंस, आणि त्यावरून ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. राहिलं पोस्ट. काउंटरवरच्या बाईंनी तुझ्या पुण्याच्या होस्टेलचा पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साधं की स्पीड?" मी म्हटलं स्पीड. त्यांनी हसू दाबलं.

उत्तर नको आहे. फक्त एक बातमी द्यायची आहे, आणि ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळलेली मला चालणार नाही.

या वर्षी शिवदेव मी करतोय.

हो, मीच. बावीस वर्षांचा. आमच्या गावात एवढ्या लहान वयात शिवदेव कोणी केलेला नाही. बाबांनी पहिल्यांदा केला तेव्हा ते एकतीसचे होते.

'दुर्गाभिमान' हे तुमच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचं पाच अंकी नाटक असेल, प्रश्नपत्रिकेत दहा मार्कांचं. आमच्यासाठी ती माघी पौर्णिमेची जत्रा आहे. तुला सगळं पाठ आहे, तरी मी माझ्या तोंडाने सांगणार. किल्लेदार शिवदेव धाकट्या भावाला, जयदेवाला, भर दरबारात अपमान करून हाकलतो. मग किल्ल्याला वेढा पडतो. जयदेव खाडीपलीकडे दोन हजार माणसं घेऊन बसलेला. शिवदेवाने एक निरोप धाडला की तो निघणार. शिवदेव धाडत नाही. पाणी संपतं, माणसं संपतात. शेवटी तो जखमी होऊन दरवाज्याशी पडलेला असतो, भावाने कसाबसा पोचवलेला पाण्याचा तांब्या शेजारी असतो, आणि तो त्याला तोंड लावत नाही. "जयदेवाला सांगा, मी त्याची वाट पाहिली नाही," एवढं बोलून मरतो. या ओळीला आमच्याकडे अजून माणसं रडतात. ज्यांनी चाळीस वेळा पाहिलंय तीही रडतात.

तू कॉलेजच्या सेमिनारमध्ये म्हणालीस की ही ओळ म्हणजे शिवदेवाचं अख्ख्या नाटकातलं एकमेव खोटं, आणि तो शत्रूच्या तलवारीने मरत नाही, या खोट्याने मरतो. सर हसले. म्हणाले, "आणि गावकरी दरवर्षी टाळ्या वाजवतात, 'पानी पानी' करत." सगळा वर्ग हसला. मग मी उठलो. माईक तुटला. प्राचार्यांनी दोन ओळींची माफी लिहून मागितली, मी दिली नाही, आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर असताना घरी आलो. मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या बोलीला हसणाऱ्या माणसाने दिलेली डिग्री भिंतीवर लावून मी काय करणार होतो?

रागात तुलाही काहीतरी बोललो असेन.

गोखिवऱ्यात पावडर कोटिंगच्या गाळ्यात काम करतोय. पौर्णिमा १ फेब्रुवारीला आहे. फक्त कळवतोय.

प्रितेश


६ जानेवारी

ऋतिका,

मरण शिकतोय.

पास्कल सर चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून साडेदहाला देवळामागच्या मांडवात येतात. मराठीचे निवृत्त मास्तर आणि आमच्या नाटकाचे तालीममास्तर, सत्तावीस वर्षं. नवीन राहायला आलेल्या लोकांना नवल वाटतं, जत्रेच्या नाटकाला ख्रिस्ती मास्तर कसा. आम्हाला नवल वाटणाऱ्यांचं नवल वाटतं.

पहिल्या दिवशी मी असा मेलो की रंगमंचाची फळी उचकटली.

"हे काय केलंस?" सरांनी विचारलं.

"मेलो, सर."

"तू पडलास. टेम्पोतून पोतं टाकतात तसा. शिवदेव किल्लेदार आहे, त्याला काय पंचिंग करायचंय वेळेत जाऊन?"

परेश जयदेव करतो. तो म्हणाला, "सर, ह्याला मरायची सवय नाही. मारायची आहे."

सगळे हसले. मीही हसलो. तुला वाटेल मी त्याच्या अंगावर गेलो असेन. नाही गेलो. थोडासा गेलो.

सरांनी मग सगळ्यांना बसवलं आणि गावात आजवर कोण कसं मेलं ते सांगितलं. एक शिवदेव इतका छान मरायचा की लोकांनी वन्स मोअर मागितला, आणि तो गडी उठून पुन्हा मेला. एकाला मरता मरता ठसका लागला आणि शत्रूच्या सैनिकाने त्याची पाठ चोळली. मग सर बाबांकडे आले. "काळूराम बसून मरायचा," ते म्हणाले. "दिवसभर तण काढून माणूस बांधावर टेकतो, तसा दरवाज्याला टेकायचा. मान कधी गेली ते कळायचं नाही. बायका एकमेकींना विचारायच्या, गेला का गं? आणि कोणी उत्तर द्यायचं नाही, कारण खात्री नसायची."

ऋतिका, हे ऐकताना माझी छाती एवढी झाली. तुमच्या पुण्यात कुठल्या नटाबद्दल असं सांगतात का? माझे बाबा केळी लावतात, सोनचाफा लावतात, पाण्याला पानी म्हणतात, आणि फळ्यांवर चढले की त्यांच्या तोंडून एक ण इकडचा तिकडे व्हायचा नाही. बारा वर्षं.

मग सरांनी विचारलं, "तुला उठवायला कोण येणार?"

उठवण्याचं तुला मीच सांगितलं होतं. आमच्या नाटकाला पडदा नाही. शिवदेव मेला की तसाच पडून राहतो. मग त्याच्या घरचं माणूस फळ्यांवर चढतं, त्याच्या तोंडावर पाणी शिंपडतं आणि म्हणतं, ऊठ, घरी चल. तेव्हा तो उठतो आणि स्वतःच्या पायांनी खाली उतरतो. टाळ्या त्यानंतर. हे सूर्य मावळायच्या आत व्हावं लागतं, म्हणून नाटक दुपारी अडीचलाच सुरू होतं. मेलेल्याचं सोंग अंगावर घेऊन घरी जायचं नसतं. बाबांना आई उठवायची. पदर खोचून, ओल्या हातांनी, "प्रित्याचे बाबा, उठा, घरी चला." सगळं गाव हसायचं, कारण ती घरी उठवायची तशीच हाक मारायची, चहा निवतोय असल्यासारखी. अकरा वर्षांपूर्वी माघातच ती गेली. मी अकराचा होतो. बाबांनी शिवदेव सोडला, आणि नाटकाच्या दिवशी ते मांडवाकडे फिरकतही नाहीत.

"बाबा येणार," मी सांगितलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काळूराम येतो म्हणाला?"

"हो."

"बरं."

तेव्हा तोही प्रश्न मिटला. सगळं ठरल्यासारखं चाललंय. तुझ्या उत्तराची मी वाट पाहत नाही, हे पुन्हा लिहून ठेवतो.

प्रितेश


१५ जानेवारी

ऋतिका,

संक्रांतीला तू बोळिंजला घरी आली होतीस. विघ्नेशच्या गाडीतून सोसायटीच्या गेटवर उतरलीस, हातात स्टीलचा डबा होता, आणि हसत होतीस. परेशने पाहिलं. विघ्नेश म्हणजे तो तुमच्या सातव्या मजल्यावरचा, ज्याला नोकरी आहे, गाडी आहे, आणि ज्याने आयुष्यात एकही माईक तोडलेला नाही. छान.

मी बाइक काढून आलो होतो. वर आलो नाही. तुमच्या गेटसमोर उसाच्या रसाची गाडी आहे, तिथे दोन ग्लास रस प्यायलो आणि परत फिरलो. मला कोणाच्या दारात उभं राहायची सवय नाही. रस प्यायलाच आलो होतो. आमच्याकडे मिळत नाही असं नाही, पण तिथला बरा असतो.

आणखी एक. मागच्या पत्रात बाबांचं लिहिलं ते खोटं आहे. मी त्यांना विचारलेलंच नाही. कॉलेज सोडल्यापासून आम्ही एका घरात राहतो आणि मोटर बंद कर, गेटला कडी लाव, एवढंच बोलतो. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. सतरा दिवस आहेत. बघू.

तुला का सांगतोय, माहीत नाही. कोणालातरी खरं माहीत असावं.

प्रितेश


२१ जानेवारी

ऋतिका,

पाकीट मिळालं. चौदा टाइप केलेली पानं आणि वर तुझा एक शब्द नाही. मी पाकीट उलटं करून हलवून पाहिलं, चिठ्ठीबिठ्ठी अडकलीय का. नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत गाळ्याच्या मागे बसून वाचलं. डबा तसाच राहिला.

तुझा सेमिनार मी सातव्या पानापर्यंत ऐकला होता. आठवं सुरू व्हायच्या आधी उठलो. वर्षभर मी ज्या निबंधावर भांडतोय तो मी अर्धाच ऐकलाय, हे मला आज कळलं.

आठव्या पानावर तू लिहिलंयस की मूळ छापील पुस्तकात शेवटच्या ओळीच्या आधी सूचना आहे, "शिवदेव तांब्याकडे हात नेतो, थांबतो, हात मागे घेतो." आमच्या नाटकाच्या वहीत ही सूचना नाही. मी सगळी वही पालथी घातली. कोणीतरी कधीतरी गाळली. शिवदेवाला तहान लागली होती, हे आमच्या गावाला बघवलं नसणार. आम्ही त्याला इतका मोठा केला की त्याचा घसाही कोरडा पडू दिला नाही.

आणि अकरावं पान. ते मी चार वेळा वाचलं, आता पाठच झालंय. "पुस्तकात हे नाटक पाचव्या अंकात संपतं. या गावात संपत नाही. शिवदेव मरतो, कारण त्याने कोणाला हाक मारली नाही. म्हणून गाव त्याला हाक मारतं. नाटककाराने लिहिलेलं मरण गावाने खोडलं नाही, पूर्ण होऊ दिलं, आणि मग त्याच्याशेजारी बसून त्याला घरी बोलावलं. नाटकातल्या मृत्यूवर मी आजवर जे वाचलं, त्यात इतका समजूतदार विचार कुठे दिसला नाही." याखाली माझं नाव आहे, माहिती देणारा म्हणून. माझ्या आईचंही आहे. तू तिला कधी पाहिलंही नाहीस.

तू आमची बाजू मांडायला उभी होतीस. सर हसले ते तुलाही हसले होते.

तेराव्या पानावर तुझे आजोबा आहेत. अकराव्या मजल्यावर वारले, स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, म्हणून खुर्चीत बसवून खाली आणले. सगळे लिफ्ट, गाडी, सर्टिफिकेट बोलत होते, त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही, तूही नाही. म्हणून तुला आमचं नाटक लिहावंसं वाटलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुला "काहीतरी" बोललो असेन. मला शब्द न् शब्द आठवतो. चाळीस मुलांसमोर, माईक हातात असताना मी म्हणालो, "ज्यांच्याकडे मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून लिफ्टने उतरवतात, त्यांनी आम्हाला मरण शिकवू नये." हे तू मला चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेवर सांगितलं होतंस, एकट्याला, आजोबांना जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा. तू पाणी मागितलंस आणि माझ्याकडे बाटली नव्हती, हेही आठवतं.

मला माफ कर. माईकबद्दल नाही, तो मी पुन्हाही तोडेन. याबद्दल.

प्रितेश


३० जानेवारी

ऋतिका,

रविवारी तालमीत हात पुढे केला. तांब्यापर्यंत नेला, थांबलो, मागे घेतला. परेश ओरडला, "अरे, हे कुठून काढलंस?"

पास्कल सर खुर्चीतून उठले. "पुस्तकातून," ते म्हणाले. मला वाटलं होतं त्यांना माहीत नसेल. त्यांना माहीत होतं. त्यांच्या आधीच्या मास्तरांनी ती सूचना खोडली होती. "एकदा मी काळूरामला म्हटलं होतं, करून बघ. तो म्हणाला, सर, एकदा हात पुढे गेला की मग मागे घेववनार नाय."

"मी करू का?"

"गाव शिट्ट्या मारेल."

"मारू दे."

"मग कर," सर म्हणाले. "पण हात नेताना तांब्याकडे बघू नकोस. तहान लागलेला माणूस पाण्याकडे बघत नाही, त्याला ते आधीच दिसलेलं असतं."

मग मी त्यांना सांगून टाकलं की बाबांना मी विचारलेलंच नाही.

"मला माहीत आहे. तू खोटं बोललास त्याच दिवशी मी काळूरामला विचारलं."

"काय म्हणाले?"

"ते तू विचार. तुझा बाप आहे." मग ते दुसरीकडे बघत म्हणाले, "नियम ठाऊक आहे ना? कोणी आलं नाही आणि तू आपला आपण उठलास, तर पुन्हा या फळ्यांवर पाय ठेवायचा नाही. तुला नको असेल तर परेशला देतो शिवदेव. त्याला उठवायला सात जणं येतील, वर आत्या."

मी म्हटलं, मीच करणार.

काल वाडीत गेलो. बाबा केळीला पाणी सोडत होते. मी सकाळपासून वाक्य तयार केलं होतं, ते लांबलचक होतं, त्यात कॉलेज होतं, सर होते, गावाची इज्जत होती. तोंडातून एवढंच निघालं.

"बाबा, रविवारी मला उठवायला या."

त्यांनी फावड्याने एका पाटाचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचेपर्यंत थांबले.

"कॉलेज सोडलास ते मला विचारून सोडलास?"

"नाही."

"शिवदेव घेतलास तो मला विचारून घेतलास?"

"नाही."

"मग मर तुझा तू, आनि ऊठ तुझा तू."

मी बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती, हे लाथ मारल्यावर कळलं. अंगठा सुजलाय. पास्कल सर म्हणतात किल्लेदार जखमीच आहे, लंगडला तर उत्तम.

तर असं आहे. रविवारी अडीचला. तू येऊ नकोस. पुण्याहून सकाळी सहाला निघालं तर दीड-दोनपर्यंत आरामात पोचता येतं, मी पाहून ठेवलंय, पण येऊ नकोस. उठवायला घरचंच माणूस लागतं, आणि मी तुला काही मागत नाही.

प्रितेश


२ फेब्रुवारी

ऋतिका,

आज गाळ्यावर सुट्टी टाकली आहे. अंगावरचा रंग अजून गेलेला नाही, कानामागे आहे.

तू आली नव्हतीस. पहिल्या अंकात मी तीनदा पाहिलं, दुसऱ्यात दोनदा. तिसऱ्या अंकानंतर पाहणं सोडलं, कारण नाटक लागलं होतं. हे मी गर्वाने सांगतो आणि सांगणार. असं नाटक आमच्या मांडवात बऱ्याच वर्षांत लागलं नव्हतं. दरबारात मी परेशला हाकललं तेव्हा त्याची आत्या खरोखर उठून उभी राहिली. चौथ्या अंकापर्यंत भेळवाल्याने गाडी सोडली आणि तो पुढे येऊन बसला.

पाचवा अंक. मी दरवाज्याशी टेकलो. बाबांसारखा बसलो नाही, तसं मला कधीच जमणार नाही. मी एका कुशीवर कललो, म्हणजे तांब्या माझ्या हाताच्या अंतरावर आला. मग हात गेला. सरांनी सांगितलं तसं मी तिकडे पाहिलं नाही. बोटं तांब्याच्या काठाला लागली. थंड होता. मी थांबलो.

शिट्टी कोणी मारली नाही. एवढ्या मांडवात काही म्हणजे काही आवाज नव्हता. आणि बायकांच्या बाजूने एक म्हातारी, कोण ते मला अजून कळलेलं नाही, हळूच म्हणाली, "पी रे पोरा. पानी पी."

ऋतिका, त्या सरांना मला हे ऐकवायचं होतं. पानी. अख्ख्या नाटकात इतकं चांगलं वाक्य नाही.

मी हात मागे घेतला. बाबा म्हणाले होते ते खरं आहे, घेववत नाही. मग शेवटची ओळ म्हटली, आणि म्हणताना मला कळलं की तू सांगत होतीस ते बरोबर होतं. ते खोटंच आहे. मी ते खोट्यासारखंच म्हटलं. मग मेलो.

मेल्यावर डोळे मिटलेले असतात, त्यामुळे बाकीचं मी ऐकलेलं सांगतो. आधी शांत. मग बांगड्या, नाकं ओढल्याचे आवाज. मग लोक थांबले. ऊन माझ्या डाव्या गालावर होतं. ते गालावरून कानाकडे सरकलं. कोणीतरी म्हणालं, "काळूराम नाय आला वाटतं." कोणीतरी त्याला गप्प केलं. विंगेत पास्कल सर खोकले. ऊन कानावरून गेलं.

मला उठता आलं असतं. पाय होते, राग होता. उठून फळ्यांवरून उडी मारायची, कोणाकडे न बघता चालू पडायचं, पुन्हा म्हणून मांडवात यायचं नाही. कॉलेजातून असाच आलो होतो. मला ते येतं. ते मला फारच चांगलं येतं.

मी डोळे न उघडता म्हणालो, "बाबा, मला उठवा."

मागे दोन पोरं हसली. मेलेला शिवदेव बोलला म्हणजे हसणारच. बाबा मांडवात आहेत की वाडीत, मला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने, नाटकातल्या आवाजात नाही, घरातल्या. "बाबा, मला आपलं आपण उठायचं नाही. तुम्ही या."

मग फळ्या वाजल्या. अनवाणी पाय, सावकाश. चिखलाचा वास आला. पाणी तोंडावर पडलं, तांब्यातलंच.

"ऊठ, प्रित्या," बाबा म्हणाले. "घरी चल."

मी उठलो. टाळ्या झाल्या, त्यांचं वर्णन करत नाही, तू फुशारकी म्हणशील. पण बाबा उठले नाहीत. ते दरवाज्याला टेकून बसले होते, जिथे ते मरायचे तिथेच, आणि माझ्या अंगठ्याकडे बघत होते. ते मांडवात अडीच वाजल्यापासून होते, मागच्या खांबाला धरून. परेशने नंतर सांगितलं.

टाळ्या थांबल्या. पास्कल सर विंगेतून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रितेश, आता त्याला उठव. तो अकरा वर्षं इथेच आहे."

मला काही कळेना. तेव्हा बाबांनीच सांगितलं, मान वर न करता. शेवटच्या वर्षी आई हॉस्पिटलात होती आणि मला मामाकडे ठेवलं होतं. नाटक ठरलेलं होतं म्हणून बाबांनी केलं. मेले. उठवायला घरचं कोणी नव्हतं. दुसऱ्या कोणाला ये म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. ते आपले आपण उठले आणि तसेच हॉस्पिटलात गेले. आठव्या दिवशी आई गेली. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. आईविना पोराच्या कानावर घालायचं नाही, असं सगळ्या गावाने मिळून पाळलं होतं, अकरा वर्षं.

"माझ्या अंगावरचं तुझ्या अंगावर जाईल म्हनून येत नव्हतो," ते म्हणाले. "कॉलेजचा राग वेगला. तो हाय अजून."

मी त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं. जरा जास्तच पडलं, सदरा भिजला. मी आईसारखी हाक मारायला गेलो, पण ती माझ्या आवाजात बसेना. म्हणून माझी मारली.

"बाबा, उठा. घरी चला."

त्यांचे गुडघे धरलेत, पहिल्यांदा उठता आलं नाही. मी हात दिला. त्यांनी घेतला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक नुसते उभे राहिले, सगळे, खुर्च्या मागे सारून, आणि आम्ही दोघं त्यांच्या मधून स्वतःच्या पायांनी खाली उतरलो. सूर्य तेव्हा खाडीवर बोटभर होता. मी असा चाललो, ऋतिका, लंगडत, पण असा चाललो.

घराकडे वळताना बाबा म्हणाले, "मरन चांगला केलास."

"खरंच?"

"हात मागे कशाला घेतलास?"

"पुस्तकात तसं आहे, बाबा."

"पुस्तकाला काय कलते."

मग मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. निबंधाबद्दल, आईचं नाव त्यात आहे त्याबद्दल, आणि मी वर्गात काय बोललो तेही. ते रस्त्यातच थांबले. म्हणाले, "हे तू त्या पोरीला बोललास?" आणि पुढचा रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर चुलीपाशी बसून विचारलं, "खाडीतला मासा खाते का ती?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी तुला हे विचारलेलं नाही. तुझ्या आजोबांना घरात काय म्हणायचे, तेही नाही.

म्हणून आता विचारतो. ८ तारखेला रविवार आहे. दुपारी जेवायला ये. विघ्नेशबद्दल काही असेल तर ते सांगायला ये, मी ऐकेन, माईक जवळ नसेल. बाबांना निबंध वाचून दाखव, चौदाच्या चौदा पानं, मी मध्ये उठणार नाही. आणि आजोबांचं नाव सांग.

तू आली नाहीस तर मला वाईट वाटेल, आणि ते मी कोणापासून लपवणार नाही. मी गेटपाशी उभा असेन. तिथे रसाची गाडी नाही.

प्रितेश काळूराम भोईर